आठ कॅमेरे आहेत, तरी चोर दिसत नाही

प्रश्न

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. तेवढा वेळ असेल तरच वाचा.

दुकान माझं मध्यमच. वह्या-पेनं, खेळणी, भेटवस्तू आणि एका भिंतीला सौंदर्यप्रसाधनं. ३० फूट रुंद, ५० फूट खोल. दर्शनी बाजूला सगळी काच, मधोमध दार. आत शिरलं की उजवीकडे गल्ला. अगदी मागे माल ठेवायची खोली आणि त्या खोलीचं मागच्या बोळात उघडणारं एक दार. माणसं चार: मी, गल्ल्यावर एक बाई, मांडणीला दोन मुलं. त्यातला धाकटा आठ महिन्यांपूर्वी लागला.

तीन वर्षांपूर्वी आठ कॅमेरे लावून घेतले. सगळे छताला, १० फुटांवर, कोपऱ्याकोपऱ्यात. २ मेगापिक्सेलचे, भरपूर पसारा दाखवणारे. गल्ल्याच्या वर स्क्रीन टांगला, त्यावर आठ चौकोन. कोणी ओळखीचं आलं की मी आधी तो स्क्रीन दाखवायचो, माल नंतर.

मागच्या महिन्यात मालमोजणी केली. शाईच्या पेनांचे संच ७ कमी, रिमोटच्या मोठ्या गाड्या १२ कमी, लिपस्टिक १९ कमी. मग दोन रात्री डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यासमोर, बसलो. हाती काय लागलं ते सांगतो.

फूटेज फक्त अकरा दिवसांचं. त्याच्या आधीचं सगळं पुसलेलं. आणि मी मोजतो महिन्यातून एकदा.

त्या अकरा दिवसांत एक माणूस सापडला. निळी टोपी, जाडसर जाकीट. पेनांच्या रॅकपाशी चाळीस सेकंद उभा. हात जाकिटात जातो, इतकं कळतं. चेहरा? टोपीच टोपी. कॅमेरा डोक्यावर, त्याला दुसरं काय दिसणार. म्हटलं, बाहेर जाताना दारातल्या कॅमेऱ्यात सापडेल. तर दारात मागून ऊन, आणि हा त्यात काळी सावली होऊन निघून गेला. झूम केलं तर चौकोनी ठिपके.

तो गल्ल्यावर थांबला होता का, काही घेतलं का, म्हणून बिलं काढली. बिलावरची वेळ आणि कॅमेऱ्यावरची वेळ यांत १७ मिनिटांचा फरक. कोणती खरी, ते घड्याळात पाहून ठरवावं लागलं. बिलाची खरी निघाली.

आता एक लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझा संशय त्या धाकट्यावर होता. दुसऱ्या रात्री मी त्याचाच चौकोन मोठा करून अकरा दिवस पळवत पाहिले. काही म्हणजे काही नाही. पण त्या रात्रीपासून माझं त्याच्याशी बोलणं बदललं आहे, आणि त्याच्या ते लक्षात आलंय.

कॅमेरे लावून देणारा म्हणतो, सोळा करा, ४के घ्या, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर घ्या, विषय संपला. घ्यावं का? की माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद १

भाऊ, अकरा दिवस म्हणालात ना? मग तुमच्या डीव्हीआरमध्ये २ टीबीची डिस्क आहे आणि प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएसवर लावलेला आहे. उघडून बघा, पैज लावतो. सेकंदाला २ मेगाबिट म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. आठांचे १७२.८. दोन टीबीला भागा, साडेअकरा येतात. तुमचा महिना मोजायचा असेल तर ६ टीबी लागेल, त्यात चौतीस दिवस बसतात. जुन्या डीव्हीआरला डिस्कच्या आकाराची मर्यादा असते, ती आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि डिस्क सर्व्हेलन्सवालीच घ्या. कॉम्प्युटरमधली काढून घातली तर चोवीस तास लिहून लिहून दमते.

मी हेच काम करतो, बारा वर्षं झाली. सोळा कॅमेरे विकायला मलाही आवडतील, पण तुमचं दुखणं संख्येचं नाही, उंचीचं आहे.

हिशेब बघा. कॅमेरा १० फुटांवर, माणसाचे डोळे साडेपाच फुटांवर. फरक साडेचार फूट. माणूस कॅमेऱ्यापासून आठ फुटांवर असेल तर त्याला तुम्ही ३० अंश वरून बघताय. टोपी असेल तर खेळ खलास. तो १७ फुटांवर असेल तेव्हा कोन १५ अंशांवर येतो आणि चेहरा समोरून मिळतो. पण तिथे लेन्स आडवी येते. पसारा दाखवणारी लेन्स म्हणजे २.८ मिमी. ती १०० अंशांच्या वर बघते. १७ फुटांवर तिला चाळीस फूट रुंदी दिसते. चित्र रुंदीला १९२० पिक्सेल. भागिले चाळीस, फुटाला ४८ पिक्सेल.

आता ४८ चांगले की वाईट? यासाठी आयईसी ६२६७६-४ म्हणून मानक आहे. त्याच्या २०१४च्या आवृत्तीत आकडे मीटरला दिले होते, मी फुटात सांगतो. फुटाला ८ पिक्सेल असतील तर कोणीतरी आहे एवढं कळतं. ३८ असतील तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायचा असेल तर ७६ लागतात, तेव्हा कुठे चेहऱ्याच्या रुंदीवर चाळीसेक पिक्सेल पडतात. म्हणून तुमच्या कॅमेऱ्यात तुमचा मुलगा तुम्हाला लांबूनही ओळखू येतो आणि निळ्या टोपीवाला येत नाही. कॅमेरा खराब नाही. त्याला जे काम दिलंय ते तो करतोय, तुम्ही त्याला भलतंच विचारताय.

उपाय असा. दारातून आत येणाऱ्याचा चेहरा धरायला एकच कॅमेरा ठेवा, पण तो नीट. दारापासून पंधरा-सतरा फूट आत, ६ मिमी लेन्स, नजर फक्त दारावर. तीच १७ फुटांवर सोळा-सतरा फूट रुंदी पकडते, म्हणजे फुटाला ११५च्या आसपास. भरपूर झाले. जागा नसेल तर खाली उतरवा: सात फुटांवर, एखाद्या खांबाला, दारातून सहा फूट आत. दीड फुटांचाच फरक राहतो, कोन १५ अंशांच्या आत येतो. जाणारा पाठमोरा असतो, त्याच्या नादाला लागू नका. येणारा धरा. आला तो माणूस आणि गेला तो माणूस एकच असतो.

उन्हाचं: त्या एका जागी डब्ल्यूडीआरवाला कॅमेरा हवा, खरा डब्ल्यूडीआर, १२० डेसिबलवाला. तो एकाच क्षणाची कमी-जास्त उजेडाची दोन-तीन चित्रं घेऊन एक करतो. नुसतं ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेलं असेल तर तो चित्र उजळवण्याचा प्रकार, काळ्या सावलीची करडी सावली होईल.

शटर बघा. ऑटोवर असेल आणि उजेड कमी असेल तर तो सेकंदाच्या १/२५ वर जातो. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर सरकला. चेहरा फासला जाणारच. १/१०० ला बांधा आणि दारापाशी एक दिवा वाढवा. दिव्याइतकं स्वस्त अपग्रेड नाही.

रात्री काचेतून बाहेर बघणारा कॅमेरा असेल तर त्याचं आयआर, म्हणजे अंधारात बघायचा न दिसणारा दिवा, बंद करा, नाहीतर तो काचेत स्वतःचाच उजेड बघत बसतो. आणि घड्याळ एनटीपीला जोडा, म्हणजे ते इंटरनेटवरून आपोआप जुळतं, १७ मिनिटं म्हणजे कहर आहे.

एक राहिलं. मोबाइलवर धूसर दिसतं म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका. मोबाइलला हलकी दुसरी स्ट्रीम जाते, मुद्दामच. पुरावा काढायचा तो डीव्हीआरवरून, मुख्य स्ट्रीमचा, पेनड्राइव्हवर. लोक स्क्रीनचा मोबाइलनं व्हिडिओ काढून पोलिसांना देतात, मग म्हणतात काही दिसत नाही.

प्रतिसाद २

दादा, मी नऊ वर्षं गल्ल्यावर होते. कॅमेरा डोक्यावर घेऊन. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या त्या एका ओळीला उत्तर देते, बाकीचं वर आलंच आहे.

त्या मुलाशी बोला. आज.

आम्हाला कळतं हो. कोणत्या दिवशी मालक रात्री थांबला, कोणत्या कॅमेऱ्याचं तोंड कुठे फिरलं, सगळं कळतं. आमच्या दुकानात एकदा माझ्या डोक्यावरचा कॅमेरा रातोरात गल्ल्यावरून माझ्या तोंडाकडे फिरला होता. कोणी काही बोललं नाही. मी तीन महिने पाणी प्यायलासुद्धा विचार करून उठायचे. पुढे निघालं काय, तर बिलाच्या मशीनमध्ये एक सवलत दोनदा वजा होत होती. माझी कोणी माफी मागितली नाही, अपेक्षाही नव्हती. पण नंतर ग्राहक कोणी काही खिशात टाकताना दिसला तरी मी तोंड उघडलं नाही. कॅमेरा आहे ना, तो बघेल, असं मनात यायचं.

आता कामाचं. गल्ल्यावरचा कॅमेरा माणसाच्या मानेवर नको, ड्रॉवरवर, हातांवर आणि काउंटरच्या फळीवर हवा. नोट किती दिली, सुटे किती परत गेले, हे ग्राहकाशी वाद झाला की पाच मिनिटांत मिटतं आणि त्यात गल्ल्यावरच्या माणसाचाच फायदा होतो. मी स्वतः दोनदा त्या कॅमेऱ्यामुळे सुटले आहे. फक्त कार्डाचा पिन दाबायचं मशीन त्यात येत असेल तर तेवढा चौकोन सेटिंगमध्ये जाऊन काळा करा.

आणि नुसतं फूटेज पळवत बसू नका. रद्द झालेल्या बिलांची आणि परताव्याची यादी काढा, त्या वेळा घ्या आणि तेवढीच मिनिटं बघा. समोर ग्राहक नसताना परतावा झालाय का, एवढंच बघायचं असतं. दोन रात्रींचं काम वीस मिनिटांत होतं. अर्थात घड्याळं जुळत असतील तर.

लपवून कॅमेरा लावायचा विचार मनात येत असेल तर थांबा. स्पेनमधल्या एका सुपरमार्केटची केस आहे, लोपेझ रिबाल्दा म्हणून प्रसिद्ध आहे. २००९मध्ये तिथे मालात मोठी तूट येत होती. मालकानं दारांवर दिसणारे कॅमेरे लावले, त्याबद्दल सांगितलं, आणि गल्ल्यांवर लपवलेले लावले, त्याबद्दल नाही सांगितलं. चौदा जण कामावरून गेले. त्यातल्या पाच जणी युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेल्या. २०१८मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये मोठ्या पीठानं तो फिरवला. मालक जिंकला, असं वाचून लोक खूश होतात. पण का जिंकला ते वाचा. संशयाला ठोस कारण होतं, चित्रण दहाच दिवस चाललं, कॅमेरे फक्त गल्ल्यांच्या जागेवर होते, ते मोजक्याच लोकांनी पाहिलं. आणि त्या पाच जणींना चोरी केल्याचं चित्रणात दिसत होतं. तुमच्याकडे त्या मुलाबद्दल काय आहे? तो नवा आहे, एवढंच ना?

कॅमेरे चालू असल्याची पाटी दारावर लावा. कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह, तिकडे तोंड नको, हे सांगायला नको. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. चित्रापेक्षा आवाजाचे नियम बऱ्याच देशांत कडक असतात, आणि आम्ही मालकाबद्दल काय बोलतो ते तुम्ही ऐकलं नाही तर सगळ्यांचंच बरं.

प्रश्नकर्ता

भाऊ, डिस्क २ टीबीचीच निघाली. पैज हरलो.

ताई, तुमचं वाचून दोनदा मोबाइल खाली ठेवला. अजून बोललो नाही त्याच्याशी. काय बोलू ते सुचत नाहीये. ‘मी तुझ्यावर संशय घेतला होता’ असं कसं सांगतात?

चेहरा ओळखायच्या सॉफ्टवेअरबद्दल कोणी सांगेल का? तो माणूस रोज फोन करतोय.

प्रतिसाद ३

नेटवर्कच्या बाजूचा माणूस आहे, थोडक्यात सांगतो.

चेहरा-ओळख: नको. तुमच्या हातात आत्ता निळ्या टोपीचा फोटो आहे. सॉफ्टवेअरला तो दिला तर ते टोप्या ओळखेल. विनोद नाही, असंच होतं. अमेरिकेत राइट एड ही औषधांच्या दुकानांची मोठी साखळी होती. त्यांनी संशयितांच्या चेहऱ्यांची यादी केली, त्यात कॅमेऱ्यातून काढलेले धूसर फोटोही भरले. मशीन भलत्याच माणसांकडे बोट दाखवायला लागलं आणि कर्मचारी निरपराध ग्राहकांच्या मागे फिरायला लागले. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांच्यावर पाच वर्षं दुकानांत हे तंत्रज्ञान वापरायची बंदी आणली. एवढ्या मोठ्या साखळीला जे जमलं नाही ते चार माणसांच्या दुकानाला जमवून देतो म्हणणारा रोज फोन करणारच.

त्यापेक्षा मला सांगा, डीव्हीआरचा पासवर्ड काय आहे? इथे लिहू नका! स्वतःला विचारा. लावणाऱ्यानं जो दिला तोच आहे ना? २०१६मध्ये मिराय नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर सुटला होता. तो फार काही हुशार नव्हता. कारखान्यातून येतात तशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो दारं ठोठावत फिरायचा. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर लाखोंनी त्याच्या हाती लागले, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं डिन नावाच्या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळत होत्या. म्हणजे कोणाच्या तरी दुकानातला डीव्हीआर, मालकाला पत्ता नसताना, त्या हल्ल्यात सामील होता.

तर: पासवर्ड बदला. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट, करून ठेवलं असेल तर काढा. कॅमेऱ्यांचं नेटवर्क बिलाच्या कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवा. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं आलंय का ते वर्षातून एकदा तरी बघा. काम सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये तुमचं ॲप अजून चालू असेल, तेही तपासा. तीन वर्षांत कोणी गेलं असेलच.

आणि डीव्हीआर कुठे ठेवलाय? गल्ल्याखाली ना? फोडणारा येतो तेव्हा तो डबाही उचलून नेतो. मागच्या खोलीत, कुलपात, यूपीएसवर ठेवा.

प्रतिसाद ४

वय झालं, मोठे प्रतिसाद वाचवत नाहीत, पण तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पिक्सेलचं मला कळत नाही. दुकानदारी चाळीस वर्षं केली.

रिमोटच्या गाड्या बरोबर १२ कमी?

मोठी गाडी म्हणता. तिचं खोकं किती मोठं? जाकिटात मावेल? लिपस्टिक मावते, पेनांचा संच मावतो. १९ आणि ७ हे चोरीचे आकडे आहेत, वेडेवाकडे. चोर डझनाच्या हिशेबानं चोरत नाही. तुमच्या गाड्या एका मोठ्या खोक्यात किती येतात, ते आधी सांगा.

आणि आणखी एक. तुमचे आठही कॅमेरे दुकानात आहेत. मागच्या दारावर किती? तुम्हीच लिहिलंय, मागे एक दार आहे. पण पुढे सगळ्या प्रश्नात ते दार कुठेच नाही. माल पुढच्या दारानं जातो हे आपण बघतो. तो येतो कुठून?

कॅमेऱ्यानं चोरी थांबते का, यावर लोक हिरीरीनं बोलतात. मध्ये मुलीनं मला एक अभ्यास वाचून दाखवला होता, २०१९चा. चाळीस वर्षांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेला. जिथे कॅमेरे लावले तिथे गुन्हे सरासरी १३ टक्के कमी झाले. सगळ्यात जास्त फरक गाड्यांच्या वाहनतळांवर. आणि नुसतं रेकॉर्ड होत राहण्यापेक्षा कोणी तरी बघत असेल तिथे परिणाम बरा. १३ टक्के काही वाईट नाहीत. पण उरलेल्या ८७चं काय, ते आपल्यालाच बघावं लागतं. लिपस्टिकचा रॅक गल्ल्यासमोर आणा. उंच मांडण्या छातीपर्यंत उतरवा. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून ‘या’ म्हणा. चोराला ‘या’ म्हटलेलं अजिबात आवडत नाही.

प्रश्नकर्ता

काका, खोक्यात १२ येतात.

तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा दुकानात होतो. मागे जाऊन बघितलं, खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, नग १२. तीन वर्षं ती खोकी मीच फोडतोय.

थोडा वेळ द्या, चलनं काढतो.

प्रश्नकर्ता (सात आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, कारण सांगायचं राहिलं होतं.

चलनावर गाड्यांची चार खोकी होती. आली तीन. चलनावर ‘माल मिळाला’ म्हणून सही आहे, आणि ती सही माझी आहे. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, मी मागच्या दारात जाऊन उभ्याउभ्या सही ठोकली आणि पुढे आलो, एवढं आठवतं. मोजलं नाही. फूटेज त्या दिवसाचं असायचा प्रश्नच नव्हता, अकरा दिवस कधीच उलटले होते, आणि मागच्या दारावर कॅमेरा तरी कुठे होता. घाऊकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सही आहे ना मग. बरोबरच आहे त्याचं. त्याच्याकडून खोकं निघालंच नाही, टेम्पोतच राहिलं की आणखी कुठे गेलं, हे आता कोणालाच कळणार नाही.

कॅमेरे आठच ठेवले. खेळण्यांच्या भिंतीवर दोन होते, दोघे एकच गोष्ट दोन बाजूंनी बघत होते. त्यातला एक काढून मागच्या दारावर नेला, आत येणारा माल जिथे जमिनीवर टेकतो तिथे. खाली जमिनीवर पांढऱ्या पट्टीनं चौकोन आखला आहे. खोकी चौकोनात ठेवायची, मोजायची, मग सही. पहिल्या दिवशी टेम्पोवाला हसला होता. आता स्वतःच चौकोनात लावून देतो.

दारातला बदलला. सात फुटांवरच्या खांबाला ६ मिमीवाला बसवून बघितला, पण तिथून चित्र फारच आवळलं, उंच माणसाचं कपाळच कापलं जायचं. मग तोच पंधरा फूट आत नेला. आता येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा इतका स्वच्छ येतो की सुरुवातीला मलाच कसंसं झालं, लोकांच्या तोंडात बघितल्यासारखं. पाटी लावली आहे. आवाज बंद आहे. पासवर्ड बदलला, आणि ॲपमध्ये खरंच दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाचा मोबाइल जोडलेला निघाला. त्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, अहो, मला वाटलं ते कधीच बंद झालं असेल.

घड्याळ जुळलं. रद्द बिलांची यादी काढून बघतो, आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटं जातात. आजवर त्यात माझीच दोन रद्द बिलं संशयास्पद निघाली. चुकीचा भाव टाकला होता.

लिपस्टिकचा रॅक गल्ल्यासमोर आणला. मालमोजणी आता पेनं आणि लिपस्टिकपुरती दर शनिवारी. परवाच्या मोजणीत लिपस्टिक २ कमी, पेनं पूर्ण. ६ टीबी डिस्क घालायची होती, डीव्हीआर ४च्या वर घेत नाही. ४ घातली, तेवीस दिवस मिळतात. आठवड्याला मोजत असल्यामुळे पुरतात.

धाकट्याशी बोललो. ताई, मी चार दिवस वाक्य जुळवत होतो. शेवटी माल उतरवताना एकदम बोलून गेलो, की गाड्यांचा घोळ माझ्या सहीचा होता आणि मधे मी तुझ्याकडे वाकड्या नजरेनं बघत होतो. तो खोकं चौकोनात सरळ करत होता. म्हणाला, “माहीत होतं, काका. तुम्ही डीव्हीआरचा माउस माझ्याच चौकोनावर सोडून गेला होतात.”

पुढे काही बोलला नाही. गेल्या आठवड्यात मात्र एकाला लिपस्टिक बाहीत सरकवताना त्यानं पाहिलं आणि सरळ जाऊन विचारलं, “टोपली देऊ का?” त्या माणसानं लिपस्टिक परत ठेवली. मी तेव्हा स्क्रीनकडेच बघत होतो, आणि मला काही दिसलं नव्हतं.

निळ्या टोपीवाला परत आलेला नाही. किंवा आला असेल आणि टोपी घातली नसेल. त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.